खाटेचा विमा आणि गोळीचा हिशोब

(जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता 'आरोग्य विमा योजना आणि महिला'. संयोजक मैत्रिणींची परवानगी घेऊन तो मी थोडा बदलून घेतला आहे. कार्ड कसं काढायचं, कुठली कागदपत्रं लागतात, कुठल्या रुग्णालयात ते चालतं, हे इथे बसलेल्या निम्म्या जणींना माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यामुळे मी आज कार्डाबद्दल कमी आणि गोळीबद्दल जास्त बोलणार आहे. रोज घ्यावी लागते ती साधी गोळी. बीपीची, साखरेची, रक्तवाढीची. ती आपल्यापर्यंत कशी येते, का येत नाही, आणि विमा तिचे पैसे का देत नाही.

एका मावशींची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी वस्तीत राहतात, चार घरची धुणीभांडी करतात. नवरा गेलेला, मुलगा रिक्षा चालवतो, सून आणि दोन नातवंडं. वस्तीत आम्ही कार्डाचा कॅम्प घेतला तेव्हा मावशींचं कार्ड मी स्वतः काढून दिलं. त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवलं. मला म्हणाल्या, "आता पोरी, मला काही झालं तरी पोराला कर्ज नको काढायला." मलाही बरं वाटलं. त्या दिवशी आम्ही खूप कार्डं काढली आणि संस्थेच्या अहवालात तो आकडा मोठ्या अक्षरात छापला.

मावशींना बीपी होतं आणि साखरही होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, तपासायच्या, लिहून द्यायच्या. पण खिडकीवर कधी एक गोळी असायची तर दुसरी नसायची. कधी महिन्याच्या गोळ्यांऐवजी पाच दिवसांच्या मिळायच्या. पाच दिवसांनी परत यायचं म्हणजे दोन घरचा खाडा. मग चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये जायचं. तिथे पूर्ण पाकीट परवडत नाही म्हणून दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो. नातवाच्या शाळेचे पैसे भरायचे आले तेव्हा मावशींनी गोळी एक दिवसाआड केली. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. सुनेला नाही, मलाही नाही.

एका सकाळी भांडी घासता घासता मावशी पडल्या. उजवी बाजू गेली. पोराने रिक्षात घालून मोठ्या रुग्णालयात नेलं, आणि तिथे कार्ड चाललं. खोटं कशाला बोलू, चांगलं चाललं. तपासण्या झाल्या, सलाईन, इंजेक्शनं, सगळं त्यात बसलं. घरी सोडताना दहा दिवसांच्या गोळ्याही दिल्या. योजनेचा नियमच तसा आहे, सोडल्यापासून दहा दिवसांची औषधं पॅकेजात धरलेली असतात.

अकराव्या दिवशी सून चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. त्याच गोळ्या. आता त्यात आणखी दोन.

मी कितीतरी दिवस याचा विचार करत होते. ज्या कार्डाने मावशींच्या झटक्याचे हजारो रुपये भरले, त्याच कार्डाने तो झटका टाळू शकली असती अशा गोळीचा एक रुपया भरला नाही. यात कोणी लबाडी केलेली नाही. योजना अशीच बांधलेली आहे.

ती कशी बांधली आहे ते पाहू या. आपल्या राज्यात २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालवायला घेतल्या. पूर्वी कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं. ते पाच लाखांपर्यंत न्यायचा आणि सगळ्या शिधापत्रिकाधारकांना घ्यायचा निर्णय २०२३ साली झाला, तो २०२४ पासून अमलात आला. पाच लाख हा आकडा ऐकला की बाईच्या डोळ्यांत वेगळंच काही चमकतं. पण हे पाच लाख तिच्या नावावर कुठे ठेवलेले नसतात. ठरलेल्या आजारांच्या आणि शस्त्रक्रियांच्या यादीतलं काही झालं, आणि ती यादीवरच्या रुग्णालयात भरती झाली, तर त्या उपचाराचा ठरलेला दर रुग्णालयाला मिळतो. याला पॅकेज म्हणतात. खाट, डॉक्टर, तपासण्या, औषधं, जेवण सगळं त्या एका रकमेत. म्हणून भरती असताना कोणी "हे इंजेक्शन बाहेरून आणा" म्हणून चिठ्ठी दिली तर ती नियमाविरुद्ध आहे. तिथल्या तिथे आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार करायची. पावती टाकून द्यायची नाही.

एक गंमत बघा. पॅकेज ठरलेलं असल्यामुळे रुग्णालय औषधं स्वस्तात स्वस्त घ्यायला बघतं. पेटीच्या पेटी घेतं, कंपनीशी घासाघीस करतं. छापील किमतीच्या कितीतरी खाली त्याला औषध मिळतं. आणि सगळ्यात महाग कोण घेतं? कात्रीने कापून चार गोळ्या घेणारी मावशी. तिला छापील किंमत पडते, वर कापलेल्या तुकड्यावर ना नाव शिल्लक राहतं, ना मुदतीची तारीख.

आपल्यातल्या नोकरदार मैत्रिणींच्या मेडिक्लेमचंही मूळ तेच आहे. साधारणपणे चोवीस तासांची भरती, किंवा मोतीबिंदूसारखी दिवसात आटपणारी शस्त्रक्रिया. भरतीच्या आधीचे काही दिवस आणि नंतरचे काही दिवस यांची औषधं धरतात. महिनोन् महिने चालणारी गोळी बाहेरच. आधीपासून असलेल्या आजाराला थांबायचा काळ असतो. तो कमाल चार वर्षं होता, २०२४ साली तीन वर्षांवर आणला. अपवाद म्हणजे कामगार राज्य विमा, आपण ज्याला ईएसआय म्हणतो. १९४८ च्या कायद्याने आलेली ही योजना पहिल्यापासून दवाखाना आणि गोळी दोन्ही देण्यासाठी होती. तिच्या दवाखान्यांची अवस्था हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. पण कल्पना बरोबर होती, की आजारी माणसाला आधी औषध लागतं आणि खाट नंतर. मात्र ती पगारपत्रकावर नाव असलेल्यांना. घरकामवाली, शेतमजूर, पापड लाटणारी बाई तिच्या बाहेरच राहिली. आपल्या आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना २०२४ च्या केंद्रीय अंतरिम अर्थसंकल्पात आयुष्मान कार्ड जाहीर झालं. गावाला गोळ्या वाटणाऱ्या आशाताईला स्वतःच्या थायरॉईडची गोळी त्यातही नाही.

शासनाचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात की २०२१-२२ साली देशात आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांतले सुमारे एकोणचाळीस लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. पूर्वी ते याहून बरेच जास्त होते, हे मान्य करायला हवं. पण या खिशातल्या पैशाचा मोठा वाटा भरती न होता घेतलेल्या औषधांवर जातो, आणि विमा नेमका तिथेच नाही. शिवाय हा 'खिसा' म्हणजे काय? बाईच्या पोलक्याला खिसा नसतो. तिचं औषध तांदळाच्या डब्यातल्या पैशातून येतं. त्या डब्यावर पहिला हक्क पोरांचा, मग नवऱ्याच्या औषधाचा, मग सासूच्या. तिची गोळी शेवटची, आणि कपात करायची वेळ आली की पहिली.

भरतीला पैसे आणि गोळीला नाहीत, याचा आणखी एक परिणाम बाईच्या शरीरावर होतो. २००८ साली केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली होती, कुटुंबाला वर्षाला तीस हजारांची. २०१२ साली छत्तीसगडमध्ये उघड झालं की त्या कार्डावर खासगी दवाखान्यांनी बायांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्या. काही डॉक्टरांची नोंदणी निलंबित झाली. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई येते. तिला तपासणी, गोळ्यांचा एक कोर्स आणि नवऱ्यालाही तेच औषध एवढं पुरेसं असू शकतं. त्याला पॅकेज नाही. पिशवी काढण्याला आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बहिणींचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिथली कारणं वेगळी होती. खाडा, दंड, मुकादमाची उचल, पाळीच्या दिवसांतलं काम. तिथे विम्याचं कारण नव्हतं. पण वेळेवर साधं औषध जवळच्या दवाखान्यात न मिळणं हा धागा दोन्हीकडे आहे असं मला वाटतं.

आणि कार्डाबद्दल बोलतोच आहोत तर हेही सांगून टाकते. योजना शिधापत्रिकेवर चालते. टाकलेल्या बाईचं नाव कुठल्या शिधापत्रिकेवर असतं? माहेरच्या पत्रिकेवरून लग्नात कमी केलेलं, सासरची पत्रिका नवऱ्याच्या ताब्यात. परित्यक्तांच्या चळवळीने स्वतंत्र शिधापत्रिकेची मागणी का लावून धरली होती, हे आज पुन्हा वाचण्यासारखं आहे. आमच्याकडे एका ताईंचं ऑपरेशन केवळ या कारणाने अडलं होतं. शेवटी तहसीलच्या पायऱ्यांवर बसावं लागलं.

आता गोळीकडे येऊ. विमा देत नाही, तर गोळी फुकट मिळायची जागा एकच, सरकारी दवाखान्याची खिडकी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालं. हा निर्णय चांगला आहे. पण खिडकीच्या मागे कपाट रिकामं असेल तर मोफत म्हणजे काय?

आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर आम्ही मोर्चा नेला होता. तीसेक बाया होत्या. बीपीची गोळी दोन महिने नव्हती, लोहाच्या गोळ्याही संपल्या होत्या. घोषणा दिल्या. औषधवाल्या मॅडम खिडकीत होत्या, आमच्याच वयाच्या. आम्ही त्यांनाच धारेवर धरलं. एक जण तर म्हणाली, "विकता का तुम्ही गोळ्या?" मॅडम काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, रजिस्टर आणि एक फाईल घेऊन आल्या, आणि आमच्यासमोर ठेवून म्हणाल्या, "वाचा." फाईलमध्ये त्यांनी पाठवलेली तीन मागणीपत्रं होती, प्रत्येकाची पोच लावलेली. पहिलं पत्र गोळ्या संपायच्या आधी दीड महिना पाठवलेलं. मॅडम म्हणाल्या, "ताई, रोज दीडशे लोकांच्या शिव्या मी खाते. तुम्ही आज आलात, उद्या येणार नाही." आमच्या घोषणा तिथेच थांबल्या.

मग आमच्यापैकी पाच जणी त्या पत्रांच्या प्रती घेऊन जिल्ह्याच्या औषध भांडाराकडे गेलो. तिथे कळलं की बीपीची गोळी राज्याकडून आलेलीच नाही. पण लोहाच्या गोळ्या? त्या भांडारात होत्या. खोकेच्या खोके, भिंतीला लावून. तालुक्याला जायला गाडी नव्हती, कारण डिझेलचं बिल थकलेलं. भांडारप्रमुखांनी शांतपणे सांगितलं, "तुम्ही टेम्पो आणा, मी आत्ता देतो." आणला आम्ही टेम्पो. बचत गटातल्या एकीच्या दिराचा होता, केळ्याचा. ते बरोबर केलं की चूक यावर आमच्यात अजून वाद आहे. माझं मत, त्या दिवशी बरोबर होतं, पण दुसऱ्यांदा करायचं नाही. सरकारची गाडी आपण चालवायला लागलो की डिझेलचं बिल कोणी भरणार नाही.

त्या दिवसापासून मी खरेदी म्हणजे काय ते शिकायला लागले. समाजकार्याच्या एम.ए.ला आम्हाला समुपदेशन शिकवलं, संघटन शिकवलं, निविदा कोणी शिकवली नाही. निविदा आपला विषय नाही असं आपल्याला वाटतं. तो ठेकेदारांचा आणि साहेबांचा विषय वाटतो.

पूर्वी राज्यात आरोग्य खातं, वैद्यकीय शिक्षण खातं आपापली खरेदी करायचे. दर ठरवून करार व्हायचा, त्याला दरकरार म्हणतात. गैरप्रकारांच्या तक्रारी होत्या. २०१७ साली शासनाने ठरवलं की सगळ्यांची खरेदी एकत्र, हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळामार्फत होईल. हाफकिन हे लस बनवणाऱ्यांचं नाव, राज्यभरच्या दवाखान्यांसाठी कापसापासून यंत्रापर्यंत खरेदी करणं त्यांचं काम नव्हतं. दवाखान्यांची मागणी उशिरा, पैसे वर्ग व्हायला उशीर, पुरवठादारांची बिलं थकलेली, त्यामुळे निविदेला प्रतिसाद नाही, परत निविदा. या काळातल्या पुरवठ्यावर महालेखापरीक्षकांच्या अहवालातही कडक ताशेरे आहेत. २०२३ साली कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं. त्याच वर्षी ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस रुग्ण गेले, त्यात बारा नवजात बाळं. औषधांचा तुटवडा होता असे आरोप झाले, प्रशासनाने ते नाकारले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि न्यायालयात प्रश्न कशाचा निघाला? या नव्या खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य अधिकारी का नाही, याचा. त्या बारा बायांना, ज्यांची बाळं गेली, 'मुख्य कार्यकारी अधिकारी' हे पद तरी ठाऊक असेल का? पण त्यांच्या खाटेपासून त्या रिकाम्या खुर्चीपर्यंत एक सरळ रेघ आहे, हे न्यायालयाला दिसलं. आपल्याला दिसायला हवं.

हे सगळीकडे असंच असतं असं मानायचं कारण नाही. तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे, कारण त्यात काही जादू नाही, आपल्या बचत गटासारखाच चोख हिशोब आहे. आधी आवश्यक औषधांची एकच यादी. निविदेची दोन पाकिटं. पहिल्यात कंपनीची पात्रता, ती पास झाली तरच दराचं दुसरं पाकीट उघडायचं. माल थेट जिल्ह्याच्या गोदामात. प्रत्येक खेपेतून नमुना काढून, कंपनीचं नाव झाकून, प्रयोगशाळेत पाठवायचा. पास झाला तरच वाटप. आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक. वर्षाची रक्कम त्यात मांडलेली, डॉक्टर गोदामातून लागेल तसं औषध उचलतात, तेवढी रक्कम वजा होते. आपल्या गटाच्या पासबुकासारखंच. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून याच धर्तीवर सरकारी दवाखान्यांत मोफत औषध सुरू केलं. राजस्थान काही श्रीमंत राज्य नव्हे.

नमुना तपासायचं महत्त्व किती, ते आपल्याकडेच दिसलं. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हतं, हे प्रकरण २०२४ साली गाजलं. बाळंतपणानंतर ताप आलेल्या बाईला अशी गोळी दिली तर काय होईल, सांगायला नको.

दुकानातल्या किमतीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर एक अख्खं शिबिर लागेल. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना सरकार कमाल किंमत ठरवतं. पण कशी? १९९५ च्या आदेशात औषध बनवायला खर्च किती येतो ते बघायचे. २०१३ च्या आदेशाने ते सोडून दिलं. बाजारात किमान एक टक्का खप असलेल्या सगळ्या कंपन्यांचे दुकानदाराला पडणारे दर घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची, वर दुकानदाराचे सोळा टक्के. समजा, एकाच गोळीचे तीन कंपन्यांचे दर दोन, चार आणि नऊ रुपये आहेत. सरासरी पाच, वर ऐंशी पैसे, कमाल किंमत पाच रुपये ऐंशी पैसे. दोन रुपयांना परवडतं हे समोर दिसत असताना! आणि जी औषधं यादीत नाहीत त्यांची किंमत कंपनीला दर वर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते. जनऔषधी केंद्र जवळ असेल तर जरूर जा, तिथे खरंच स्वस्त मिळतं. मात्र डॉक्टरांनी कंपनीचं नाव लिहिलं असेल तर औषधाचं मूळ नाव विचारून घ्या. मूळ नावानेच लिहा असा नियम २०२३ च्या ऑगस्टमध्ये निघाला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला.

औषध हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. गर्भ आहे का बघण्यासाठी दिल्या जाणाऱ्या जादा मात्रेच्या संप्रेरकांविरुद्ध ऐंशीच्या दशकात बायांनीच मोहीम चालवली. नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ साली स्त्री शक्ती संघटना आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ते काम मोठं होतं. पण तो लढा आपल्यावर लादलेल्या औषधांविरुद्ध होता. हवं असलेलं औषध मिळत नाही, यावर आपण तेवढ्या जोराने उभ्या राहिलो नाही. मी स्वतः इतकी वर्षं कार्डं काढत बसले. कार्डाला फोटो असतो, वाटपाचा कार्यक्रम असतो, पाहुणे येतात. औषधाच्या साठ्याचा कार्यक्रम होत नाही.

यावर काम झालेलं नाही असंही नाही. २००७ पासून राज्यात आधी पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. 'साथी' या पुण्याच्या संस्थेने त्याचं समन्वयन केलं. गावच्या लोकांनी दवाखान्यात जाऊन औषधं आहेत का ते तपासायचं, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. त्यातून आम्ही उचललेली गोष्ट साधी आहे.

मोर्चानंतर आम्ही एक वही केली. बारा औषधं निवडली. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, साखरेची मेटफॉर्मिन, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम, जंतुसंसर्गाची दोन, पोरांच्या तापाचं पातळ औषध, ओआरएस, असं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघी जणी केंद्रावर जातात. औषधवाल्या मॅडमकडून विचारून लिहितात, कोणतं आहे, कोणतं नाही, कधीपासून नाही, मागणी कोणत्या तारखेला गेली. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. पहिल्यांदा मॅडम घाबरल्या. आता त्याच म्हणतात, "लिहा, ताई, तारीख नीट लिहा." कारण त्यांच्या पत्राला जे बळ नव्हतं ते वहीने दिलं. वही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते, रुग्ण कल्याण समितीच्या सभेत जाते. समितीला स्थानिक पातळीवर थोडीफार औषधं घेता येतात, हे आम्हाला सभेत बसायला लागल्यावर कळलं. तोवर त्या पैशातून खुर्च्या आणि रंगकाम झालं होतं! सगळं सुधारलं असं सांगणार नाही. बीपीची गोळी त्यानंतरही दोनदा संपली. पण दोन्ही वेळा ती कुठे अडली आहे ते आम्हाला आठ दिवसांत माहीत होतं, आणि एकदा जिल्हा नियोजनच्या पैशातून ती आणवून घेता आली.

मावशी आता काठी धरून चालतात. कामं सुटली. भांडी घासता येत नाहीत, पण वाचता येतं, चौथी शिकलेल्या आहेत. त्यांच्या दवाखान्याची वही त्याच ठेवतात, डाव्या हाताने लिहून. अक्षर वाकडं येतं, तारीख चुकत नाही. आज यायला निघाल्या होत्या, पण गाडीत चढवायला दोघी लागतात, म्हणून थांबल्या. वही मात्र पाठवली आहे, ती मागे टेबलावर ठेवली आहे, बघून घ्या. शेजारी कोऱ्या वह्या आहेत. प्रत्येक केंद्रामागे एक न्या, आणि नेताना केंद्राचं नाव आणि कोण जाणार त्या दोघींची नावं कागदावर लिहून जा. औषधांची यादी आपापल्या भागाप्रमाणे बदला. आदिवासी पट्ट्यातल्या मैत्रिणींनी सर्पदंशाची लस त्यात नक्की धरावी.